उजव्या कानातली शिट्टी

८ सप्टेंबर, सोमवार

वही लिहिणं हा आपला प्रांत नाही. पण कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून बसलोय. वयाने आमच्या तेजूएवढी असेल पोरगी, पण बोलायला थेट हेडमास्तरीण. म्हणाली, "काका, कानातला आवाज कधी वाढतो, कधी कमी होतो, तेव्हा घरात काय चाललं होतं, हे लिहून ठेवत जा. आणि आवाजाला दहापैकी मार्क द्या."

मार्क कसले द्यायचे? शिट्टी काय दहावीला बसलीय? मी ओझरच्या विमान कारखान्यात पत्रे जोडण्यात जन्म काढलेला माणूस, माझं मोजमाप मीच ठरवलं. सगळ्यात बारीक म्हणजे डास. त्याच्यावर रातकिडा. मग कुकर. आणि अगदी डोकं फिरायची वेळ आली की ग्राइंडर.

शिट्टी उजव्या कानात आहे. गौरी जेवल्या त्या दिवशी तेजू बाळंतपणाला घरी आली, त्याच संध्याकाळी सुरू झाली. मी म्हटलं, मंडळाच्या ढोलांमुळे असेल. परवा विसर्जन झालं, ढोल गेले, शिट्टी राहिली.

तेजू म्हणजे तेजस्विनी, आमची एकुलती एक. जावई रोहित पुण्याला नोकरीत. मागच्या वर्षी सातव्या महिन्यात तेजूचं बाळ पोटातच गेलं. एवढंच लिहितो. घरात हा विषय कुणी काढत नाही. या वेळी मी नियमच घातलाय. डोहाळजेवण नाही, खरेदी नाही, नावं शोधायची नाहीत, बाळ हा शब्दच तोंडातून काढायचा नाही. नजरबिजर मी मानत नाही. पण काम पुरं होईपर्यंत त्याचा गवगवा करायचा नाही, ही शिस्त मानतो.

बायको मनीषा म्हणाली, "अहो, एवढं पोट दिसतंय पोरीचं, आणि बोलायचं नाही म्हणजे काय?"

म्हटलं, नाही म्हणजे नाही.

शिट्टी: रातकिडा. घरात काय चाललं होतं: काही नाही. तेजू जिना चढत होती.

१० सप्टेंबर, बुधवार

आज शोध घेतला. सकाळी मेन स्विच पाडला. फ्रिज बंद, पंखे बंद, इन्व्हर्टरची वायर काढली. सगळं घर गप्प झालं आणि शिट्टी उलट चढली. म्हणजे आवाज बाहेरून येतो हे सिद्ध झालं.

मनीषा म्हणाली, "तुमच्या शिट्टीपायी माझं दूध नासलं ना, तर बघा."

सगळ्यांना ताकीद दिली की हळू बोला, भांडी आपटू नका, कुकर लावायचा तर दार लोटून घ्या. तेजूने बिचारीने मोबाइल मुका करून टाकला. आता दोघी मायलेकी माझ्यासमोर खाणाखुणा करतात. घर कसं देवळासारखं शांत झालंय.

शिट्टी: कुकर. शांतता कमी पडतेय.

१३ सप्टेंबर, शनिवार

आवाज गोटीरामच्या बोअरच्या मोटरचा आहे, अशी माझी खात्री पटली होती. गोटीराम आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. कारखान्यातही जोडीदार. पत्र्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो, असं आयुष्य गेलं. पण म्हणून काय मोटर सहन करायची? गेलो आणि फाटकातूनच सुरू केलं. म्हटलं, तुझी मोटर माझ्या डोक्यात चालतेय, रात्रंदिवस, काही लाज आहे का?

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सावळीराम, मोटर जळून आठ दिवस झाले. मी टँकर मागवतोय अन् तू भांडायला येतो! ये, च्या घे."

चहा घ्यावाच लागला. तिथेही शिट्टी होतीच. गोटीराम मधेच म्हणतो, "पोरगी बरी हाय ना?"

म्हटलं, कानाचं बोलतोय मी, पोरीचा इथे काय संबंध? तर गडी नुसता बशी फुंकत बसला. वय झालंय त्याचं, विषय सोडून बोलतो.

शिट्टी: कुकर.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कानाची तपासणी झाली. एका काचेच्या खोक्यात बसवलं, कानावर डबे चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. आत इतकं सामसूम, की माझी शिट्टी आणि त्यांचा आवाज यातला कोणता कुठला तेच कळेना. मी तरी अंदाजाने दाबत गेलो.

बाहेर आलो तर डॉक्टरीणबाई म्हणते, "काका, वयाच्या मानाने कान चांगले आहेत. बाकीही काही वावगं नाही, मी नीट बघितलंय."

मला रागच आला. कान चांगले आहेत तर तेजू समोर बसून बोलते तेव्हा तिचं तोंड हलताना दिसतं आणि अर्धे शब्द निसटतात, ते का? कारखान्यात गोंगाटासाठी कानाला लावायला दिलं होतं ते मी गळ्यात घालून हिंडलो, हे तिला प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणाली, त्याने बारीक आवाज ऐकू येणं थोडं कमी झालंय, शिट्टीचं मूळ तिथे असेलही. मी विचारलं, पण मग ती आत्ताच का वाढली?

मग म्हणाली, "काळजी असली की मेंदू राखणीला बसतो. प्रत्येक बारीक आवाजाकडे कान लावतो. मग जो आवाज सतत आहे, त्यालाच धरून बसतो आणि बाकीचं निसटतं. झोप कमी होते, मानखांदे आखडतात, दात आवळले जातात, शिट्टी आणखी चढते. तुम्हाला कसली काळजी आहे का?"

"छे! मला कसली काळजी? पेन्शनीला लागलेला माणूस मी."

मनीषाला तेवढ्यात ठसका लागला. तिला पाणी दिलं. पुढे डॉक्टरीणबाई शांततेबद्दल मनीषाला काहीतरी समजावत होती, पण माझं लक्ष नव्हतं. समोरच्या भिंतीवर एका गुबऱ्या बाळाचं चित्र होतं, लसीकरणाचं. कुठेही लावतात.

शिट्टी: कुकर, वर थोडी.

२२ सप्टेंबर, सोमवार

मनीषाला या वयात रेडिओचा नाद लागलाय. कपाटावरचा जुना रेडिओ काढला, सेल घातले, आणि पहाटेपासून तो ओट्यावर बारीक आवाजात चालूच. मी म्हटलं, अगं मला शांतता लागते. तर म्हणे, "मला नाही लागत. रेडिओ नसला की मला घास उतरत नाही." इतकी वर्षं कसा उतरत होता कोण जाणे. रात्री झोपतानाही उशाशी पाण्याच्या थेंबांचं काहीतरी मोबाइलवर लावून ठेवते. सांगून उपयोग नाही. नवरात्र बसलंय, घटासमोर भांडण नको म्हणून गप्प बसलो.

संध्याकाळी रोहितचा फोन आला. फोन हल्ली मी डाव्या कानालाच धरतो. उजव्याला नेला की हात आपोआप मागे येतो. त्या कानाला काहीतरी झालंय हे नक्की.

शिट्टी: दिवसभर रातकिडा. रोहितच्या फोनच्या वेळी कुकर.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज गंमत झाली. दुपारी जेवून पडलो होतो. पलीकडच्या खोलीत तेजू आडवी झाली होती. तर भिंतीवर आवाज आला. टक. टक.

इतक्या वर्षांनी!

हे लिहून ठेवतो, नाहीतर डॉक्टरीणबाईला कळायचं नाही. विमानाचा पत्रा रिव्हेटने जोडताना दोन माणसं लागतात. बाहेरून एक जण गनने ठोकतो, आतून दुसरा लोखंडी ठोकळा दाबून धरतो. गोंगाट एवढा की बोलून काही कळत नाही आणि एकमेकांचं तोंडही दिसत नाही. म्हणून आतल्याने पत्र्यावर टिचकी मारून सांगायचं. एक टक म्हणजे अजून ठोक. दोन टक म्हणजे बरोबर बसला, पुढे चल. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. मी आणि गोटीरामने असा जन्मभर संसार केला.

तेजू शाळेत असताना एकटी झोपायला घाबरायची. तिला हे शिकवलं होतं. झोपताना ती भिंतीवर दोन टक करायची, म्हणजे सगळं बरोबर आहे. मी इकडून दोन करायचो. बारावीपर्यंत चाललं होतं हे.

आज मीही दोन टक केल्या. पलीकडून हसल्याचा आवाज आला. स्पष्ट आला, रेडिओ चालू असूनही.

शिट्टी: डास. कारण माहीत नाही. बहुतेक मनीषाने कानात घातलेल्या तेलाचा गुण. डॉक्टरांना सांगणार नाही, ओरडतील.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सणाचा दिवस आणि भांडण झालं. सोनं वाटून झालं, जेवणं झाली आणि मनीषाने दिवाळीच्या साफसफाईचा विषय काढला. म्हणाली, या रविवारी माळा काढू.

मी म्हटलं, माळ्याला हात लावायचा नाही.

"अहो, वर्षभराची धूळ आहे."

"राहू दे धूळ. धुळीने काय खाल्लंय तुझं?"

आवाज जरा चढलाच माझा. तेजू उठून आत गेली. मनीषा माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला ते बघणं आवडत नाही.

माळ्यावर पाळणा आहे. मागच्या वर्षी मी स्वतःच्या हाताने केला होता. ॲल्युमिनियमचा पत्रा, कडा वळवलेल्या, एकेक रिव्हेट असा बसवलेला की बाळाच्या गालाला खरचटू नये. शेवटचा पॉलिश पेपर फिरवत होतो तेव्हा रोहितचा फोन आला. पाळण्यात वाकूनच फोन उजव्या कानाला लावला होता. तो रडत होता, आणि पत्र्यात त्याचं रडणं घुमत होतं. मग पाळणा चादरीत गुंडाळला आणि वर टाकला. बस.

शिट्टी: ग्राइंडर.

७ ऑक्टोबर, मंगळवार

तेजूची तपासणी होती. कुंभमेळ्यासाठी सगळं गाव खणून ठेवलंय, दर चौकात खड्डा. गाडी इतकी हळू चालवली की मागून रिक्षावाला ओरडला, "काका, ढकलू का?"

तपासणी ठीक म्हणाले. आत मनीषा गेली होती. मी खाली पार्किंगमध्ये थांबलो, कुणी गाडी घासू नये म्हणून.

तेजू बाहेर आल्यावर म्हणाली, "पप्पा, ठोके ऐकायला या ना कधीतरी. शिलाई मशीनसारखे पळतात."

मी म्हटलं, चल, ऊन लागतंय. ती गाडीत बसली आणि खिडकीकडे तोंड करून राहिली. शिलाई मशीनसारखे म्हणजे किती जोरात, ते विचारायला हवं होतं.

शिट्टी: कुकर.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज जे झालं ते लिहू की नको, असं झालंय. तरी लिहितो.

पहिल्यांदा भिंत वाजली त्या दिवसापासून दुपारच्या दोन टक रोजच्या झाल्या होत्या. ती आडवी झाली की भिंतीवर वाजवणार, मी उत्तर देणार, मग मला डुलकी लागणार. आज तिकडून काहीच नाही. वाट बघितली. मग मीच वाजवल्या. उत्तर नाही. पुन्हा वाजवल्या, जोरात. नाही. मनीषा बाजारात गेलेली. रेडिओ बंद. उजव्या कानात ग्राइंडर असा सुरू झाला, की मला वाटलं ती वाजवत असेल आणि मलाच ऐकू येत नसेल. आणि मग दुसरं वाटलं.

उठून धावलो. दार धाडकन उघडलं. तेजू दचकून उठून बसली, केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ.

मी ओरडलो, "टक का नाही केलीस? का नाही केलीस?"

"पप्पा, झोप लागली हो मला."

"झोप लागली? अशी कशी झोप लागली?"

काय बोलत होतो माझं मलाच कळत नव्हतं. ती माझ्या हातांकडे बघत होती. बोटांची सालं निघाली होती भिंत वाजवून.

"पप्पा, बसा इथे," ती म्हणाली. बसलो. "काय वाटलं तुम्हाला?"

"काही नाही."

"पप्पा, बोला ना! या घरात कुणी बोलतच नाही. तुमच्या कानासाठी सगळे कुजबुजतात आणि माझ्या पोटाबद्दल तर तेही नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून बाळाशी बोलते, माहितीय? चोरी केल्यासारखी. मला काय मूळव्याध झालीय का, कुणी नावच काढत नाही ते?"

मला हसूही आलं आणि रडूही. कुठलं आधी आलं सांगता येत नाही. म्हटलं, "तेजू, मला भीती वाटते गं. फार भीती वाटते. फोन वाजला तरी वाटते. तू जिना चढलीस तरी वाटते."

बोललो एकदाचं. छप्पर काही कोसळलं नाही.

तेजू म्हणाली, "मला पण वाटते. रोज उठल्याउठल्या. मला वाटायचं, घरात मी एकटीच घाबरते आणि तुम्हाला काही वाटतच नाही, तुम्हाला फक्त तुमची शिट्टी."

गधडी. मला काही वाटत नाही म्हणे! तिला जवळ घेतलं. लग्नात पाठवणीला घेतलं होतं, त्यानंतर आज. मग तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. मी काढून घेणार होतो, पण तेवढ्यात आतून अशी लाथ बसली, की विचारू नका. खणखणीत.

"एकच टक पप्पा," तेजू डोळे पुसत म्हणाली. "अजून ठोका म्हणतंय. वेळ आहे अजून."

मनीषा भाजी घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं पलंगावर बसून रडत आणि हसत होतो. तिने पिशवी खाली ठेवली आणि आलं घालून चहा टाकला. चहात साखर विसरली. आम्हीही सांगितलं नाही.

शिट्टी: ग्राइंडर. नंतर रातकिडा. झोपताना डास.

१२ ऑक्टोबर, रविवार

माळा काढला.

तेजूनेच सांगितलं, पाळणा खाली घ्या. मी म्हटलं, हे बघ, घाई नको. ती म्हणाली, "पप्पा, तो त्या बाळासाठी केला होतात. ते आपलंच होतं ना? मग त्याची वस्तू त्याच्या भावंडाला मिळू दे." शिडी काढली.

गोटीराम शिडी धरायला आला, रोहितही काल रात्री आला होता. चादर सोडली तर पत्र्याला नुसती धूळ, आत सगळा चकचकीत. हलवून बघितला तर कुईकुई वाजतो. एक रिव्हेट ढिला. माझ्या हातचा ढिला रिव्हेट! गोटीराम एवढा हसला की शिडी सुटली असती.

"सावळीराम, इन्स्पेक्शनला पडला असता रे हा."

तो रिव्हेट काढला, नवा घातला. मी हातोडी घेतली, गोटीराम ठोकळा घेऊन आतल्या बाजूला बसला, सवयीने. पण तेजूने खुर्ची ओढली आणि गोटीरामला म्हणाली, "नाना, सरका. हा मी धरणार." मनीषा किंचाळली, अगं बाई, आठव्या-नवव्या महिन्यात लोखंड काय धरतेस! कोण ऐकतंय. तसा हलकाच ठोकायचा होता. मी एक घाव घातला. आतून एक टक. आणखी एक घाव. आतून बोट फिरवून चाचपल्याचा आवाज आला, बाईसाहेब तपासून बघत होत्या. मग आल्या दोन टक.

रोहितला काही कळेना. तो आपला आमच्याकडे बघत पाळण्यावरची धूळ पुसत होता. त्यालाही शिकवलं. एक, दोन, तीन कशाला ते सांगितलं. तीनचं सांगताना गोटीराम मधेच म्हणाला, "ते नको आता शिकवू."

दुपारी सगळे एकदम बोलत होते. नावांवरून मनीषा आणि रोहितचं जुंपलं. मुलगा झाला तर रुद्र, असं रोहित म्हणतो. मुलीचं नाव तेजूने ठरवलंय, पण सांगत नाही. कुकर, रेडिओ, गोटीरामचं खोकणं, सगळं चालू होतं. माझा तो हळू बोलायचा नियम कुणी पाळत नव्हतं, आणि मी कुणाला आठवणही केली नाही.

शिट्टी: असेल डासाएवढी. गडबडीत कोण बघतंय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

फटाक्यांनी नको केलं. सुतळी बॉम्ब फुटला की उजवा कान दहा मिनिटं किंचाळतो आणि मी तेजूकडे बघतो, आणि तेजू माझ्याकडे. मग आम्ही दोघं म्हणतो, "भीती वाटली." असं ठरवलंय आम्ही. वाटली की लगेच म्हणून टाकायचं. मनीषा म्हणते, तुम्ही दोघं शाळेतली पोरं झालात.

आज मात्र करंज्या तळताना तिचाच हात थांबला आणि ती म्हणाली, "मला पण वाटते हो." गॅस बंद करून तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. इतके दिवस मी तिला विचारलंच नव्हतं. तीन-चार करंज्या करपल्या. त्या मी खाल्ल्या.

शिट्टी: कुकर, पण फटाक्यांमुळे. या वेळी खरंच फटाक्यांमुळे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी चहाच्या वेळेला तेजूला कळा सुरू झाल्या. गाडी काढली. त्याच खड्ड्यांतून नेलं, रिक्षावाल्यांना मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. रोहित दोन दिवसांपासून इथेच होता, तो आत तिच्याजवळ गेला. मी बाहेर इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी मनीषा म्हणाली, "अहो, तुम्ही घरी जा आणि दुपटी घेऊन या. विसरले मी."

मनीषा आणि दुपटी विसरली? पंधरा दिवसांपासून जुन्या सुती साड्या फाडून, धुऊन, घड्या घालत होती बाई. पण वाद घालायची ताकद नव्हती. आलो घरी.

घर रिकामं. शिट्टी अशी चढली, अशी चढली, की भिंत धरून उभा राहिलो. मीच जाऊन रेडिओ लावला. कसलंसं शेतीचं चाललं होतं, कांद्याच्या रोपांवरच्या करप्याचं. ते ऐकत बसलो. गोटीरामला बहुतेक मनीषाने फोन केला असावा, तो आला आणि बाजूला बसला. म्हणाला, "मी काय बोलत नाय. नुसता बसतो." बसला.

दुपट्यांचं गाठोडं डाव्या हातात घेऊन दाराला कुलूप घालत होतो आणि फोन वाजला. रोहित.

मी त्या नावाकडे बघत राहिलो. फोन वाजतोय, वाजतोय. गोटीराम म्हणाला, "उचल रे सावळ्या." कारखान्यात असताना सावळ्या म्हणायचा.

डावा हात अडकलेला होता. फोन उजव्या कानाला गेला.

पलीकडून कुणी बोलेना. नुसती भांड्यांची, पावलांची गडबड. माझी शिट्टी मधे आडवी उभी.

मग आवाज आला. नखाने फोनवर वाजवल्याचा.

टक. टक.

आणि त्याच्या मागून रडणं. टणटणीत, चिडलेलं, कुणीतरी गाढ झोपेतून उठवल्यासारखं. मग तेजूचा आवाज, थकलेला, "पप्पा, बसली बरोबर. मुलगी आहे."

गोटीराम विचारतोय, काय झालं, अरे काय झालं? मी लोखंडी दारावर बोटाने वाजवल्या. दोन. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पायरीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. मग मी पण.

गाठोडं घेऊन पोचलो तेव्हा मनीषाच्या हातातल्या पिशवीतून दुपट्याचं टोक डोकावत होतं. म्हणजे तिने नेली होती की! विचारलं तर म्हणे, "जास्त असलेली बरी."

शिट्टी: बघायची राहिली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज बारसं झालं. रोहितची बहीण तेजल आत्या म्हणून आली. पाळण्यात वाकून ती बाळाच्या कानात नाव सांगत होती आणि सगळ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालत होत्या. मनीषाचा धपाटा तर असा बसला, की तेजलने नाव अर्धंच सांगितलं. मग पुन्हा वाकली, पुन्हा "कुर्रर्र" केलं, पुन्हा धपाटे. आरोही. बाळाने एवढ्या गोंधळात एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला. कान चांगले आहेत पोरीचे, मी सकाळीच वाटी चमचा वाजवून तपासलेत.

पाळणा वाजत नाही. गोटीराम मुद्दाम चारदा हलवून गेला, खोट काढायला.

मनीषाने रेडिओ पुसून परत कपाटावर ठेवला. म्हटलं, का गं, आता घास कसा उतरणार? तर म्हणाली, "आता घरात पुरेसा आवाज आहे." एवढे दिवस त्या रेडिओशिवाय जमत नव्हतं बाईला, पहाटेपासून कानाशी लावून ठेवायची माझ्या. आणि आज एकदम गरज संपली. इतकी वर्षं झाली संसाराला, बायको काही पुरती कळली नाही बुवा.

पुढच्या आठवड्यात ही वही घेऊन डॉक्टरीणबाईकडे जायचंय. शिट्टी आहे अजून, खोटं कशाला बोलू. आत्ताही आहे, डास. दुपारची वेळ, तेजू पलीकडे आडवी झालीय आणि पाळणा इकडे माझ्या खोलीत, मी राखणीला. बाळ नुकतंच झोपलंय. भिंतीवर टक टक झाली, मी आता उत्तर देतो आणि वही मिटतो.